कोपऱ्याचा फोटो

तोज आली की आमच्या घरात आधी टॉवेल ओले होतात. इथल्या धुळीच्या वादळाला अरबीत तोज म्हणतात, आणि इतकी वर्षं कुवेतमध्ये काढल्यावर आम्हीही तेच म्हणतो. जून लागला की वायव्येकडून वारा सुटतो, दुपारचं आकाश आधी पिवळं आणि मग विटकरी होतं, समोरच्या इमारतीचे मजले एकेक करून दिसेनासे होतात. बायको जुने टॉवेल भिजवते आणि खिडक्यांच्या फटींत, दाराच्या खाली खोचत जाते. तरी धूळ यायची ती येतेच. डाळीच्या डब्यात येते, कपाटातल्या इस्त्रीच्या शर्टांवर येते, गणपतीच्या तसबिरीच्या काचेमागे ती कुठून शिरते ते मला अजून कळलेलं नाही. मुलगी लहान होती तेव्हा खिडकीला नाक लावून म्हणायची, "बाबा, द स्काय इज डर्टी." आम्ही मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा घरचा रिवाज होता. आता ती शिकायला परदेशी गेली आहे. टॉवेल मात्र अजून तेच आहेत.

काल दुपारी यंदाची पहिली मोठी तोज आली. ऑफिसातून लवकर सोडलं, गाडीचे दिवे लावून मुंगीच्या पावलांनी घरी आलो, तोंड धुतलं आणि खुर्चीत बसलो. बायकोने चहा पुढे ठेवला आणि विचारलं, "आज गप्प का?" मी म्हटलं, "धूळ घशात गेलीय." खरं म्हणजे मला तातू मेस्त्रींची आठवण आली होती. तोज आली की ती येतेच. ही आठवण सुखाची नाही, आणि ती टाळावी म्हणून मी आजवर बऱ्याच युक्त्या करून पाहिल्या आहेत.

तातू मेस्त्री सिंधुदुर्गातल्या एका खेड्यातले सुतार. माझी त्यांची ओळख झाली ती नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, आमच्या घरच्या गणपतीच्या मखरामुळे. कोणीतरी त्यांचं नाव सुचवलं, म्हणून शुक्रवारी सकाळी त्यांना शोधत मी अर्दियाच्या गोदामांच्या बाजूला गेलो. एका मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये फळ्यांच्या थप्प्या लागल्या होत्या आणि पन्नाशीचा एक बारीक, काळासावळा माणूस त्यातली एकेक फळी बोटाच्या पेराने ठोकून आवाज ऐकत होता. मी माझं काम सांगितलं. त्यांनी "होय" म्हटलं, पण लक्ष फळीकडेच होतं.

"सायबानु, ह्या लाकूड बघा," ते म्हणाले. "रशियाचा. थंडीत वाढलेला, म्हणान रेषा बारीक. आनि आमी त्येचा काय करतंव? त्येच्यात सिमेंट ओततंव आनि मगे मोडून फेकतंव."

लढाईनंतर कुवेत पुन्हा बांधलं जात होतं, आणि सुताराला इथे काम म्हणजे सेंटरिंगचं. फळ्यांचा साचा ठोकायचा, त्यात काँक्रीट ओतायचं, ते घट्ट झालं की साचा काढून टाकायचा. ज्या माणसाच्या घराण्याने खिळा न वापरता देवळं उभी केली, तो माणूस इथे दिवसाला शेकड्याने खिळे मारत होता. याबद्दल त्यांनी कधी रड गायली नाही. घरी पैसे जात होते, मुलींची लग्नं होत होती. पण थप्पीतली चांगली फळी ते काहीतरी निमित्त काढून बाजूला ठेवायचे, आणि आमचं मखर त्यांनी अशाच फळ्यांचं केलं. खुंट्यांवर बसणारं, दहा मिनिटांत सुटं होणारं. त्यातला एकही सांधा अजून हललेला नाही.

त्यानंतर ते अधूनमधून घरी यायचे. अब्बासियात त्यांच्या गावचेच आठजण एका फ्लॅटमध्ये राहत. तिथे निवांत बोलायला जागा नव्हती, म्हणून असेल. बायकोच्या हातची थालीपीठं त्यांना आवडायची. "घाटावरचा खाना तिखट," असं दर वेळी म्हणायचे आणि दर वेळी तिसरं मागून घ्यायचे. बोलता बोलता विषय हमखास त्यांच्या गावच्या देवळाकडे वळायचा. देवळाचा सभामंडप लाकडाचा होता. फणसाचे बारा खांब, वर तुळया, तुळयांवर कोरलेली वेल, हंस, आणि एका कोपऱ्यात कोणा खोडकर सुताराने कोरलेला हुक्का ओढणारा माणूस. तातू मेस्त्रींच्या पणजोबांनी तो मंडप उभा केला होता. हुक्केवाला हे त्यांचंच काम, असं घरात सांगत.

आता त्यातल्या चार खांबांचे पाय कुजले होते. कुवेतमधल्या गावकऱ्यांच्या मंडळाने मनावर घेतलं होतं की जुना मंडप पाडायचा आणि स्लॅबचा बांधायचा. तातू मेस्त्रींचं म्हणणं होतं, वरचं लाकूड लोखंडासारखं आहे. खालचा कुजका भाग तेवढा कापायचा, वरचा भार टेकूवर पेलून धरायचा, आणि नव्या लाकडाचा पाय जोडायचा. पण हे त्यांनी स्वतः कधी केलेलं नव्हतं. वडिलांच्या तोंडून ऐकलं होतं, एवढंच. मंडळातले लोक विचारायचे, "असा कोणी करता काय जगात?" यावर ते पुन्हा वडिलांचंच नाव सांगायचे.

आणि त्याच उन्हाळ्यात मला कंपनीने पाइपांच्या तपासणीसाठी रशियाला पाठवायचं ठरवलं.

ही बातमी ऐकून तातू मेस्त्री दुसऱ्याच दिवशी घरी आले. बाहेर तोज होती. तोंडाला पंचा गुंडाळलेला, भुवया धुळीने पांढऱ्या. खिशातून त्यांनी एका इंग्रजी मासिकाचं चुरगळलेलं पान काढलं. त्यावर बर्फातल्या एका लाकडी चर्चचं चित्र होतं. कळसावर कळस, आणि सगळं लाकडाचं. हे पान त्यांनी कितीतरी दिवस जपून ठेवलं होतं.

"थय अशी लाकडाची देवळा असत. तीनशे वर्सांची म्हणतत. तळातला लाकूड कुजला की ते लोक काय करतत, तेवढा डोळ्यान बघून येवा. आनि कोपऱ्याचो येक फोटो काढून हाडा. देवळाचो नको, माणसाचो नको. कोपऱ्याचो. मंडळाक दाखवतंय."

मी म्हटलं, "एक काय, दहा आणतो."

विमानतळावर जाताना पुढची गाडी दिसत नव्हती, आणि दोन आठवड्यांनी मी अशा ठिकाणी उभा होतो जिथे हवा धुतल्यासारखी होती. कारखान्यातलं काम दोन दिवस आधी संपलं. आमची दुभाषी ल्युदमिलाबाई, पन्नाशीची, शिक्षिकेसारखी करड्या आवाजाची, तिने स्वतःहून विचारलं की लाकडी गावं बघायची का. रात्रभराची आगगाडी, मग बोट. सरोवराचं पाणी शिशाच्या रंगाचं होतं आणि किनाऱ्यावर गवताच्या गंजी. बोटीतून पहिल्यांदा दिसलं ते चर्च करड्या ढगाचंच वाटलं, आणि जवळ गेल्यावर कळलं की लाकूड इतकं जुनं झालं की त्याला चांदीसारखा रंग येतो. कुठे रंग नाही, वॉर्निश नाही. कळसांवर लाकडाचे छोटे छोटे खवले बसवलेले, प्रत्येक कुऱ्हाडीने घडवलेला. ढग सरकला की ते चमकायचे, ढग आला की विझायचे. मी वाळवंटातून आलेला माणूस, मला रडू येईल की काय असं वाटलं. खोटं कशाला सांगू, थोडं आलंही.

आत शिरताना दार इतकं ठेंगणं की मान वाकवावीच लागते. आत राळेचा, मेणाचा आणि जुन्या धुराचा वास. जमिनीच्या फळ्या दाराएवढ्या रुंद आणि मधोमध झिजून खोलगट झालेल्या. डोक्याला लोकरीचा रुमाल बांधलेली एक म्हातारी कोपऱ्यात बसून होती. ती मला बघून काहीतरी ओरडली. दार लाव, डास येतात, असं म्हणाली असं ल्युदमिलाबाईने सांगितलं. मला आमच्या नाशिककडच्या देवळांतल्या बायका आठवल्या. देव कुठलाही असो, त्याच्याजवळ बसून लोकांवर खेकसणारी एक म्हातारी असतेच.

मग गावातली घरं पाहिली. प्रत्येक घराच्या खिडक्यांना लाकडाची नक्षी. एकाच छपराखाली पुढे माणसं आणि मागे गुरं, कारण सहा महिने बर्फ. हे तातू मेस्त्रींना सांगायला हवं, असं मी मनात म्हटलं. त्यांच्याकडेही पडवीला लागूनच गोठा. भिंती म्हणजे आडवे ओंडके, एकावर एक, आणि फटींत शेवाळ दाबून बसवलेलं. मी हात लावून पाहिलं. आत ते शेवाळ मऊ होतं, ते भरणारा माणूस कधीच गेला तरी त्याच्या हाताची ऊब मागे राहावी तसं.

आता मुद्द्याचं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय या लिहिण्याला काही अर्थ नाही.

माझ्याजवळ छत्तीस फोटोंचा एक रोल होता. परदेशात राहणाऱ्या आम्हा लोकांना एक खोड असते. जिथे जाऊ तिथे त्या गोष्टीपुढे उभं राहून फोटो काढून घ्यायचा. कुवेतच्या मनोऱ्यांपुढे, दुसऱ्याच्या गाडीला टेकून, मॉलमधल्या कारंज्याशी. गावाकडे तेच पाठवायचं. फोटोत आपण नसलो तर तिथे गेल्याचा पुरावा काय? मीही तेच केलं. कॅमेरा ल्युदमिलाबाईच्या हातात दिला आणि दर ठिकाणी जाऊन उभा राहिलो. नवं लेदरचं जॅकेट, कुवेतला मुद्दाम घेतलेले नवे बूट, हात कमरेवर. उभं राहायला टेकू लागतो, म्हणून मी बहुतेक वेळा इमारतीच्या कोपऱ्याला टेकलो. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. फोटो धुऊन आल्यावर आलं.

दुसऱ्या दिवशी परतीच्या बोटीला पाऊण तास होता. गावाबाहेर एक छोटं चर्च होतं आणि त्याच्याभोवती लाकडं पडलेली. तिथे काम चालू होतं. मी लांबून पाहिलं, आणि जे पाहिलं ते आजही जसंच्या तसं डोळ्यांपुढे आहे. अख्खं चर्च जमिनीपासून हातभर उचललेलं होतं. खाली लोखंडी जॅक. वरचं सगळं लाकूड करडं, जुनं, आणि खालच्या थरात एक नवा, हळदीच्या रंगाचा ओंडका बाजूने सरकवत बसवत होते. पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा सुतार इमारतीखालून बाहेर आला, त्याने मला पाहिलं आणि हाताने बोलावलं.

ल्युदमिलाबाई म्हणाली, "तो म्हणतोय, खाली ये. वर काय बघतोस, खरं काम खाली आहे. त्या ओंडक्याखालची साल बघ, ओल वर चढू नये म्हणून बर्चची साल घालतात."

मला जायला तीस पावलं होती. मध्ये पावसाचा चिखल होता, डासांचा ढग होता, आणि पायात नवे बूट होते. रोलमध्ये दोन फोटो उरले होते. मी घड्याळाकडे बघितलं आणि म्हटलं, "बोट चुकेल." म्हाताऱ्याने खांदे उडवले आणि परत खाली गेला. ते उरलेले दोन फोटो मी धक्क्यावर काढून घेतले, मागे सरोवर, पुढे मी. आणि बोट वीस मिनिटं उशिरा आली.

मला तातू मेस्त्रींची आठवण नव्हती असं नाही. आठवण होती. आपण पाहिलंय ना, तोंडी सांगू, असा विचार मी केला. साहेब लोकांना वाटतं की त्यांच्या तोंडी सांगण्याला वजन असतं.

मी परतलो तेव्हाही तोज होतीच. पुढच्या शुक्रवारी दुपारी नमाजानंतर अब्बासियात मंडळाची बैठक होती. तातू मेस्त्री मला घ्यायला आले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. खोलीत तीसेक माणसं चटईवर बसलेली, एसी धापा टाकत होता, मध्ये भज्यांची परात. मंडळाचे अध्यक्ष भाई, इलेक्ट्रिशियन, मनाने सरळ माणूस. तातू मेस्त्रींनी सगळ्यांना सांगितलं की साहेब रशियाहून बघून आलेत. आवाजात असा अभिमान होता की मला खाली बघावंसं वाटलं.

फोटो फिरू लागले. लोक म्हणाले, काय देऊळ आहे, काय थंडी असेल, जॅकेट बेस आहे साहेब. तातू मेस्त्री एकेक फोटो जवळ धरून, मग लांब धरून बघत होते. छत्तीस झाल्यावर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मग हळूच, फक्त मला ऐकू येईल असं विचारलं, "सायबानु, कोपरो खय असा?"

प्रत्येक कोपऱ्यापुढे मी उभा होतो.

तेवढ्यात भाईंनी मोठ्याने विचारलं, "साहेब, तुमी इंजिनेर. तुमीच सांगा. कुजलेलो थर बदलतत थय? तुमी बघलास?"

मी "हो, बघितलं" म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न येणार होता, कसं करतात? आणि लांबून दिसलं त्यापलीकडे मला काही सांगता येत नव्हतं. त्याच्याही पुढचा प्रश्न, मग फोटो का नाही? तीस माणसांसमोर इंजिनियर म्हणून बसलो होतो. चिखलाला आणि डासांना भिऊन गेलो नाही, हे सांगायची माझी छाती झाली नाही. मनात असंही होतं की स्लॅब काही वाईट नाही, टिकतो, देखभाल नाही. मी म्हणालो, "तसं काही माझ्या पाहण्यात आलं नाही."

झालं. कोणीतरी म्हणालं, ती नुसती प्रदर्शनाला ठेवलेली देवळं असतील, त्यांच्यात रोज कोण जातंय. स्लॅबचा ठराव झाला. तातू मेस्त्रींनी सगळे फोटो गोळा केले, कडा जुळवल्या, पाकिटात घातले आणि माझ्या हातात दिले. "चांगले इलेत हां फोटो," असं म्हणाले. त्यांच्या स्वरात माझ्याबद्दल किंचितही राग नव्हता. साहेब खोटं बोलेल हे त्यांच्या डोक्यातच येण्यासारखं नव्हतं.

आमच्या लोकांनी इथे उन्हात राबून गावोगाव काय काय उभं केलं ते सगळे सांगतात. शाळेच्या खोल्या, देवळांचे मंडप, घरांवर मजले. त्यासाठी काय काय पाडलं ते मात्र कोणी मोजत नाही. लांब राहणाऱ्या माणसाला गाव सुधारलेलं हवं असतं, म्हणजे परत गेल्यावर आपण उगाच गेलो नव्हतो असं वाटतं. त्या खोलीतल्या कोणालाही मी दोष देत नाही. ते भल्या मनाने करत होते. तिथे जाणूनबुजून वाईट वागलेला माणूस एकच होता.

त्या वर्षी दिवाळीनंतर तातू मेस्त्री दोन महिन्यांच्या रजेवर गेले. परत आले ते वाळून. गावाने काम त्यांच्याच गळ्यात घातलं होतं. कुवेतचा सेंटरिंगवाला सुतार घरचाच असताना बाहेरचा कशाला? मंडप त्यांनीच उतरवला, आणि स्लॅबचा साचाही त्यांनीच ठोकला. आमच्या स्वयंपाकघरात बसून ते सांगत होते, आणि बायको लाटणं हातात धरून ऐकत उभी होती.

"दुसऱ्यानी घणान फोडलो असतो. मी खुटी खुटी काढून उतरवलंय. तीन दिस लागले. येकय तुळय तुटाक दिलंय नाय."

"मग ते लाकूड?" बायकोने विचारलं.

"ठेवतले खय? स्लॅब झालो, महाप्रसाद झालो. चुलीक लाकडा व्हयी होती." मग म्हणाले, "फणसाचो खांब लवकर पेटणा नाय. पेटलो की मात्र विझणा नाय. भात बरो झालो."

त्या दिवशी त्यांनी तिसरं थालीपीठ मागितलं नाही. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मी बेसिनपाशी जाऊन हात धुतले, मग पुन्हा धुतले.

त्यानंतर आठ-नऊ वर्षं गेली. ते यायचे, गणपतीत मखर जोडून द्यायचे, मुलीला लाकडाची बैलगाडी करून द्यायचे. मंडपाचा विषय त्यांनी काढला नाही. फक्त एकदा म्हणाले, "काय करतलंय, इलाज नाय होतो," आणि ते वाक्य त्यांना आधार देत होतं हे मला दिसलं. मी त्या वाक्याला हात लावला नाही. आता वाटतं, हाच एक शहाणपणा मी केला होता, आणि तोही मला निभावता आला नाही.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराला तातू मेस्त्रींचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, संपला आणि कंपनीने नूतनीकरण केलं नाही. साठी उलटून गेली होती. ते कायमचे निघाले तो दिवसही तोजचाच होता. दुपारी त्यांना विमानतळावर सोडायला म्हणून मी अब्बासियात गेलो. दोरीने बांधलेलं खोकं, एक बॅग, अंगात तोच पांढरा शर्ट. खोलीतले बाकी सगळे कामावर. तेवढ्यात कळलं की धुळीमुळे विमान चार तास उशिरा आहे. खिडकीबाहेर भर दुपारी विटकरी अंधार. आम्ही दोघे दोन खाटांवर समोरासमोर बसलो.

चार तास हा फार मोठा वेळ असतो. पहिल्या तासात आम्ही मुलींबद्दल बोललो, पोफळीबद्दल बोललो. मग मला राहवलं नाही. आता हा माणूस जाणार, पुन्हा भेट होईल न होईल, आपण हे ओझं घेऊन का राहायचं? असं वाटलं मला. आपल्या ओझ्याचा विचार केला, त्यांच्या नाही. मी म्हटलं, "मेस्त्री, मी तुमच्याशी खोटं बोललो होतो. रशियात मी ते पाहिलं होतं."

ते रागावण्याऐवजी पुढे सरकून बसले. डोळे एकदम तरुण झाले.

"उचलतत? अख्खा देऊळ?"

"अख्खं. हातभर."

"कितके जॅक होते?"

"मला चार दिसले."

"नवीन लाकूड भायरसून घालतत की भितरसून?"

"बाहेरून. बाजूने सरकवत."

"आनि मदी? पानी वर चढू नये म्हणान?"

"झाडाची साल घालतात. बर्चची."

"साल!" ते मांडीवर थाप मारून हसले. "माझो बापूस तांब्याचो पत्रो घाली. तोच विचार! बघा, सायबानु, तोच विचार!" हवेत दोन्ही हात उचलून ते भार कसा पेलायचा ते मला दाखवू लागले. इथे टेकू, इथे आडवी तुळई, मग हळूहळू. मीही हसलो. मला वाटलं, सुटलो. एवढ्या वर्षांनी त्यांना आनंद झाला, माफ केलं त्यांनी.

मग त्यांचे हात तसेच हवेत राहिले.

"म्हणजे झाला असता," ते म्हणाले.

मी म्हणालो, "हो मेस्त्री. झालं असतं."

त्यांनी हात खाली घेतले आणि मांडीवर ठेवले. मी माफी मागितली. पुन्हा मागितली. ती त्यांना ऐकू गेली की नाही, मला माहीत नाही. कोकणात कुठलंही काम सुरू करण्याआधी देवापुढे उभं राहून मोठ्याने गाऱ्हाणं घालतात, म्हणजे आपण काय करतोय आणि का करतोय ते त्याला सगळं सांगतात. ते मला त्या दिवशी त्यांच्याकडूनच कळलं. जमिनीकडे बघत त्यांनी मला विचारलं, आणि ते खरोखरच विचारत होते, कारण मी शिकलेला माणूस होतो:

"खांबाक हात लावच्या आदी मी देवाक गाऱ्हाणा घातलंय, सायबानु. देवा, दुसरो इलाज नाय, म्हणान करतंय, असा सांगलंय. आता उद्या थय गेल्यावर त्येका काय सांगू?"